वडनेरच्या बसमधलं जुलूम-कोर्ट

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. पिशवीच्या तळाशी जुनी तिकिटं, गोळ्यांची पाकिटं, तुटकी पिन असं काहीबाही जमत जातं, तसे ते जमतात. एक दिवस पिशवी उलटी केली की कळतं, बापरे, एवढं सगळं घेऊन फिरत होतो आपण!

माझी पिशवी परवा उलटी झाली. सून घरूनच काम करते. दुपारी एकदम ओरडली, "आई, नेट गेलं! मीटिंग चालू आहे माझी! काय जुलूम आहे हा!"

मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "जुलूम नाही गं, कटकट. फार तर त्रास."

ती दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. म्हातारीचं डोकं फिरलं असं वाटलं असेल तिला. आता तिला काय सांगू, की हा निकाल माझा नाही, देवतळे मॅडमच्या कोर्टाचा आहे! आणि ते कोर्ट वर्ध्याहून वडनेरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत, सगळ्यात मागच्या सीटवर भरायचं!

मी वडनेरच्या शाळेत क्लार्क होते. त्याच शाळेत देवतळे मॅडम मराठी शिकवायच्या. कुंभारे कृषी सहायक, अंगानं भरलेले आणि तोंडानं रडके. वैशाली आमच्यात सगळ्यात लहान, वडनेरच्या दवाखान्यात नर्स. चौघंही वर्ध्याचे, चौघंही अपडाउनवाले. आणि पाचवे आमचे कंडक्टर भोयर भाऊ. ते बसायचे पुढे, पण कान मागे असायचे.

आता मॅडम पुण्याला लेकाकडे आहेत. कुंभारे रिटायर होऊन घरी बसलेत. भोयर भाऊंची गाडीसुद्धा भंगारात गेली असेल. वैशालीची केस मात्र शेवटी सांगते.

* * *

कोर्ट सुरू झालं ते कुंभाऱ्यांमुळे. या माणसाला रोज सकाळी एक तरी जुलूम व्हायचाच. ऊन पडलं की जुलूम, साहेबानं रिपोर्ट मागितला की जुलूम, खिडकीची काच वर गेली नाही की जुलूम.

एक दिवस बसल्या बसल्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, हा जुलूम आहे! हप्त्यात तिसऱ्यांदा दोडका देल्ला बायकोनं!"

मॅडमनी चष्मा नाकावर खाली घेतला. "पहिल्या दोन वेळचा खाल्ला का?"

"खाल्ला."

"डब्यात उरला होता?"

"नाई."

"मग कटकट. पुढची केस!"

मी एवढी हसले की भोयर भाऊ तिकिटं सोडून मागे आले. मॅडमनी तिथल्या तिथं कायदाच करून टाकला. खालून वर चार पायऱ्या. कटकट, त्रास, जाच आणि सगळ्यात वर जुलूम. "अन् जुलूम म्हणायचं असेल," त्या म्हणाल्या, "तर दोन गोष्टी लागतात. करणारा आपल्यापेक्षा वरचढ पाहिजे. आणि आपल्याला बेल मारून उतरता येऊ नये."

एसटीत बसलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दोरी एकदा ओढली, एक बेल, की गाडी थांबते. दोनदा ओढली, डबल बेल, की गाडी निघते.

कुंभारे म्हणाले, "मॅडम, मले तरी कुठं बायकोपासून उतरता येते?"

"उतरून तर पाहा एकदा! कोणत्या स्टॉपवर तुम्हाला रोज गरम पोळी मिळते ते आम्हालाही कळवा."

त्यानंतर महिनाभर कुंभारे दोडक्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

* * *

वैशालीची केस कोर्टात आलीच नाही. म्हणजे तिनं ती येऊ दिली नाही.

तिचा नवरा प्रशांत. वर्ध्यात मोबाइलचं दुकान. त्यानं नोकरीला परवानगी दिली होती ती अटींवर. गाडीत बाईमाणसातच बसायचं. गाडी सुटली की शेजारी कोण बसलंय त्याचा फोटो पाठवायचा, हिंगणघाटला परत पाठवायचा, आणि मध्ये फोन आला की पहिल्या रिंगला उचलायचा. एक जरी चुकलं तर नोकरी बंद! हे ती आम्हाला हसत हसत सांगायची. पण फोन वाजला की तो उचलायला तिचे हात कसे धडपडायचे ते मी बघितलंय.

ही नोकरी तिचा जीव होती. वडनेरमधल्या कोणत्या बाईला कितवा महिना आहे, कोणाचं रक्त कमी आहे, कोणाच्या सासूला समजवायचंय, सगळं तोंडपाठ. तिच्या आईनं दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून तिला नर्सिंग शिकवलं होतं. नोकरी टिकवायची, एवढाच तिचा ध्यास होता.

मॅडमनी एकदा सरळ विचारलं, "वैशाली, केस दाखल करायची का?"

"नाई मॅडम. काळजी आहे त्यांची."

"त्रास म्हणू? निदान कटकट?"

"काळजी," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मॅडम मग म्हणाल्या, "बरं. ही केस राहू दे. निकाल राखून ठेवला."

* * *

पण या फोटोचा सगळ्यात मोठा जाच कोणाला होता माहीत आहे? कुंभाऱ्यांना! फोटोत पुरुष दिसता कामा नये ना. त्यामुळे वैशालीनं मोबाइल वर केला की हा भरलेला माणूस सीटखाली वाकायचा. रोज! कंबर धरून वर यायचे आणि म्हणायचे, "फोटू चांगला आला का पोरी?"

एकदा हिंगणघाटच्या अलीकडे ते छान डुलकी घेत होते. थंडीचे दिवस, म्हणून मॅडमची शाल डोक्यावरून ओढून घेतलेली. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला आणि वैशालीनं पहिल्या रिंगला उचलला. वाकायला वेळच मिळाला नाही.

फोनमधून आवाज आला, "ते डोक्यावरून घेऊन कोण बसली?"

आम्ही तिघीही गार. मी तर रामराम म्हणायला लागले होते मनात. वैशाली म्हणाली, "त्या? त्या... कुंभारे आजी."

"झोपल्या का?"

"हो. बरं नाई वाटून राह्यलं त्यांले."

"बरं बरं. नमस्कार सांग आजीले."

फोन बंद झाला. शालीतून एक जाडजूड हात बाहेर आला आणि आशीर्वादासाठी वर झाला. "अखंड सौभाग्यवती भव!"

त्या दिवसापासून कुंभारे साहेब गेले आणि कुंभारे आजी आल्या. पुढे प्रशांत रोज विचारायचा, आजी कशा आहेत? गुडघे कसे आहेत? एकदा तर त्यानं आजींसाठी गुडघ्याचं तेल पाठवलं! कुंभाऱ्यांनी ते लावलंही. म्हणाले, "पोट्टा मनानं वाईट नाई हो. तेल गुणकारी आहे."

* * *

भोयर भाऊंची केस वेगळीच. वायगावला एक म्हातारेबुवा गाडीत चढले, सोबत फुलकोबीची दोन पोती. भाऊंनी सामानाचं तिकीट फाडलं. बुवांनी सगळी गाडी डोक्यावर घेतली. "इंग्रज बरे होते! हा जुलूम आहे! तू जुलमी आहे जुलमी!"

भाऊ फार मऊ माणूस. तोंड एवढंसं करून मागे आले. "मॅडम, मी जुलमी दिसतो काय?"

मॅडमनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. निकाल दिला, "पोती जड, तिकीट हलकं. कटकट."

बुवा हिंगणघाटला उतरले. उतरता उतरता त्यांनी पोत्यात हात घातला, सगळ्यात मोठी फुलकोबी काढली आणि भाऊंच्या पोटावर आदळली. "घे रे जुलम्या! घरी नेजो!"

झालं! वडनेरच्या शाळेच्या मुली रोज त्याच गाडीनं यायच्या. त्यांनी ते ऐकलं आणि भाऊंचं नावच पडलं, जुलमी काका. "जुलमी काका, थांबा!" "जुलमी काका, माझा पास!" भाऊंनाही ते आवडायला लागलं होतं. गाण्याबिण्यात कसं लाडानं जुलमी म्हणतात, तसं वाटत असेल त्यांना.

एक दिवस भाऊ डबा विसरले. त्यांची बायको डबा घेऊन स्टँडवर आली. गाडी निघायच्या बेतात होती, आणि पाच-सहा मुली धावत ओरडत आल्या, "जुलमी काका! ओ जुलमी काका!"

वहिनी डबा हातात धरून तिथंच उभ्या. भाऊंकडे बघून म्हणाल्या, "अवो, या पोरींले कसं माईत झालं?"

* * *

मॅडमच्या वर्गातला किस्सा त्यांनी स्वतः वाचून दाखवलेला. परीक्षेत प्रश्न होता, "जुलूम या शब्दाचा वाक्यात उपयोग करा." सगळ्या वर्गानं गाइडमधलं एकच वाक्य लिहिलं होतं. राजा प्रजेवर जुलूम करत असे. राजा, राजा, राजा! पेपर तपासता तपासता मॅडम कंटाळून गेल्या.

एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, "आमच्या घरी सध्या जुलूम नाही. बाबा कामाला हैदराबादला गेले आहेत."

कुंभारे खो खो हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. वाक्यच तसं होतं. वैशाली नाही हसली.

"मॅडम, किती मार्क दिले तिला?" तिनं विचारलं.

"पूर्ण."

"बरं केलं," ती म्हणाली. वडनेरला उतरताना मॅडमना म्हणाली, "त्या मुलीले दवाखान्यात पाठवा एखाद्या दिवशी. अशीच. गप्पा मारायले."

मॅडमनी पाठवलं. ती मुलगी मग दर शनिवारी दवाखान्यात बसलेली दिसायची, कापसाचे बोळे करत.

* * *

आता पाहुण्यांचा. आमच्या शाळेत एकदा महिलांच्या जागृतीचा कार्यक्रम झाला. पाहुणे मोठे, आवाज त्याहून मोठा. दहाला येणार होते, उगवले बाराला. तोवर पोरी उन्हात रांगा लावून उभ्या, आणि आम्ही बायका पोहे गार करत, परत गरम करत.

पाहुण्यांनी माइक हातात घेतला. "माझ्या माता-भगिनींवरचा जुलूम मी यापुढे सहन करणार नाही!" टाळ्या. "बाईला आता चुलीजवळ ठेवून चालणार नाही!" टाळ्या. मग माइक तसाच तोंडाशी ठेवून बाजूला वाकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ओ मॅडम, चहाचं बघा जरा. साखर कमी." सगळ्या मैदानाला ऐकू गेलं!

माझं डोकं असं सटकलं की किटली घेऊन स्टेजवरच जाणार होते. मॅडमनी माझा हात धरला. "थांब नंदा. आभार माझ्याकडे आहेत."

आणि आभाराला उभ्या राहून, तोंडावरची घडी न मोडता म्हणाल्या, "पाहुण्यांनी जुलूम हा अवघड विषय आपल्याला नुसता सांगितला नाही, तर सकाळपासून प्रात्यक्षिकासह समजावून दिला. त्याबद्दल शाळा त्यांची ऋणी आहे."

पाहुण्यांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या.

* * *

मग एका सोमवारी वैशाली आली नाही. मंगळवारीही नाही. फोन लावला तर बंद.

मागच्या सीटवर जागा धरायला रुमाल टाकायचा, ही अपडाउनवाल्यांची जुनी रीत. मॅडमनी तिच्या खिडकीपाशी रुमाल टाकला. रोज. गाडी खचाखच भरलेली, लोक दांड्याला लटकलेले, आणि एक सीट रिकामी! भांडणं तर होणारच.

एक गृहस्थ मॅडमच्या अंगावरच आले. "कोण बसलं इथं?"

"वैशाली."

"कुठं आहे?"

"येऊन राह्यली," कुंभारे म्हणाले.

"कधी? आम्ही उभं राहाचं अन् रुमालानं बसाचं? हा जुलूम आहे!"

मॅडम म्हणाल्या, "हो. बरोबर आहे तुमचं. पण आम्हाला तिच्यासाठी एवढंच करता येतं."

गृहस्थ मग हिंगणघाटपर्यंत उभे राहिले आणि उतरताना खाली पडलेला रुमाल त्यांनीच उचलून नीट सीटवर ठेवला.

पुढच्या सोमवारी ती आली. चेहरा उतरलेला. रुमाल बघितला आणि तो हातात घेऊन बसली. घरी म्हणे सासूबाईंनी विषय काढला होता, सुनेची नोकरी कशाला हवी? प्रशांतनं मोबाइल काढून घेतला होता. हातापाया पडून तिनं परत सुरू केलं होतं, पण ही शेवटची संधी. "आता एक जरी चूक झाली तर नाई मॅडम," ती म्हणाली. "मग संपलंच."

कुंभारे दोनदा जास्तच खाली वाकले त्या दिवशी.

* * *

आणि आता तो दिवस.

वडनेरला दवाखान्यानं आणि शेतीखात्यानं मिळून गावातल्या बायकांसाठी शिबिर घेतलं होतं. कोणीतरी फोटो काढून मोबाइलवर फिरवला. स्टेजवर वैशाली आणि तिच्या शेजारी शाल खांद्यावर घेतलेला भरलेला माणूस. खाली नाव, कुंभारे साहेब. शाल तीच, मॅडमची, सकाळी गाडीत मागून घेतलेली! फोटो फिरत फिरत मोबाइलच्या दुकानात पोहोचायला कितीसा वेळ लागतो?

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी हिंगणघाट स्टँडवर उभी होती. भोयर भाऊ खाली एंट्री करून चढतच होते, तेवढ्यात एक मोटरसायकल गाडीला आडवी येऊन थांबली. प्रशांत वर आला. फोनमधून बघितलेला चेहरा, पण समोर बराच लहान दिसला.

मधल्या वाटेत उभा राहून ओरडला, "कुंभारे आजी कोण आहे?"

वैशालीनं माझा हात धरला.

कुंभारे पालीला घाबरणारा माणूस. साहेबाचा फोन आला तर उभं राहून बोलणारा माणूस. तो उठला. मॅडमच्या खांद्यावरची शाल घेतली, डोक्यावरून नीट पांघरली, हात जोडले.

"मी. तेल पावलं बापू. गुडघे बरे आहेत."

आधी मागून कोणीतरी खुदकन हसलं, मग गाडीच हसायला लागली. प्रशांत लालबुंद झाला. कुंभाऱ्यांकडे पुढे सरकला, पण मध्ये दोन आडवे दांडे आणि भाजीच्या पाट्या. तिथूनच त्यानं हात केला.

"वैशाली, चाल! बॅग घे अन् उतर खाली! आजपासून नोकरी बंद!"

हसणं थांबलं. पुढच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "बापू, तिले जाऊ दे रे दवाखान्यात. माह्या सुनेचे दिवस भरले हायेत. ती सिस्टरचीच वाट पाहून राह्यली."

"तुम्ही नका बोलू, आजी! हा आमच्या घरचा मामला आहे. वैशाली, ऐकू येऊन राह्यलं का तुले? उतर म्हटलं!"

भोयर भाऊ दाराशी उभे होते. म्हणाले, "भाऊ, चढाचं असंन तर तिकीट घ्या. उतराचं असंन तर उतरा. गाडीले टाइम झाला."

"थांबवून ठेवा गाडी! माही बायको उतरणार आहे!"

भाऊंनी मागे बघितलं. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. मी देवतळे मॅडमकडे बघितलं. म्हटलं, आता तरी बोला काहीतरी! त्या वैशालीकडे बघत होत्या.

वैशालीनं माझा हात सोडला. बॅग उचलली. मला वाटलं, गेली ही. तिनं ती बॅग मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरली.

"मॅडम," ती म्हणाली, "माझी केस राखून ठेवली होती ना तुम्ही?"

"हो."

"आज दाखल करून घ्या."

"कोणती पायरी लिहू?"

ती प्रशांतकडे बघत होती. आवाज सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढा मोठा होता.

"तुम्ही खाली उतरता, का वडनेरचं तिकीट काढता?"

भोयर भाऊंनी दोरीला हात घातला आणि डबल बेल मारली.